आत कोणी राहिलंय का?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. भिंती पत्र्याच्या, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. दाराला कडी नाही, आतून नाही आणि बाहेरूनही नाही. जिथं कडी असायची तिथं नुसतं भोक आहे आणि त्यातून दुपारच्या उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडलाय. खोलीत कुणी बोलत नाही. आता कान द्या. कडी वाजतेय. थांबून थांबून, जशी आतून कुणी हलवावी तशी. दाराला नसलेली कडी.

तुम्ही आता डोळे उघडलेत तरी चालेल. अंजनाला ती सोय नव्हती, कारण ती त्याच खोलीत राहत होती.

कोयनेच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला तेव्हा अंजना चार वर्षांची होती. त्यांच्या गावातली घरं एका पहाटे जमिनीवर बसली. वाचलेल्या माणसांसाठी पाटणजवळच्या माळावर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. एकाच लांब पत्र्याखाली खोलीला लागून खोली, मध्ये आडोशालाही पत्राच. लोक तिला नुसतं ‘ओळ’ म्हणत. तात्पुरती म्हणून बांधलेली ती ओळ सहा वर्षं झाली तरी उभीच होती आणि अंजना आता दहाची झाली होती. तिची थोरली बहीण शकू गेली, तेव्हा तीही एवढीच होती.

शकू कशी गेली हे ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण अंजनाच्या आईसमोर, बनुबाईसमोर, कुणी तो विषय काढत नसे. अंजनाचे वडील लालासाहेब पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर येणारे. घरात आई आणि दोघी पोरी. त्या सालात गावात चोऱ्या फार होत होत्या, म्हणून बनुबाईनंच शकूला सांगून ठेवलं होतं, “माजघराची कडी लावून झोपत जा गं. भांडीकुंडी समदी तितंच हायती.” पोर शहाणी, सांगितलं ते ऐकणारी. पहाटे जमीन हलली तशी बनुबाई अंजनाला कडेवर घेऊन सोप्यातून अंगणात धावली. माजघराची चौकट वाकली आणि कडी अडकून बसली. शकू ती आतून हलवत राहिली. अंगणात उभ्या बनुबाईला तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आत कुणीतरी जा म्हणून ती ओरडत होती. पण जो तो आपलं माणूस शोधत होता. मग घर बसलं आणि कडी वाजायची थांबली.

ओळीत खोली मिळाली त्या दिवशीच बनुबाईनं दाराची कडी पकडीनं उपटून काढली आणि ओढ्यात टाकून दिली.

भूकंप एकदा येऊन जात नाही, मुलांनो. मोठा जातो आणि लहानगे मागं ठेवून जातो. पाटणकडच्या माणसांना त्याची सवय झाली होती. आधी जमिनीच्या पोटात गुरगुर व्हायची, मग मांडणीवरची भांडी खुळखुळायची आणि कुणीतरी ओरडायचं, “हाललं, हाललं.” की सगळी ओळ समोरच्या मैदानात. दारं सताड उघडी, चुलीवर तवा तसाच. हे बरोबरच होतं. जमीन हलली तर आधी जीव बाहेर काढायचा, वस्तू मागाहून. पण ओळीनं त्यात आपला एक रिवाज घातला होता. सगळे मैदानात जमले की एकानं उलट जाऊन खोली खोली बघायची: आत कोणी राहिलंय का? हा रिवाज कुणामुळं पडला हे सांगायला नको. शकूसाठी कुणी गेलं नव्हतं, म्हणून आता दरवेळी कुणीतरी जायचं.

पहिली काही वर्षं हे काम जोतिबा करायचे. पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, मिशा पांढऱ्या झालेले जोतिबा. पुढं त्यांचा गुडघा गेला. त्याच सुमाराला ओळीच्या शेवटच्या खोलीत अर्जुना राहायला आला. खंडाळ्याकडचा आहे म्हणायचा, एका ठेकेदाराकडं कामाला होता. हसतमुख, म्हाताऱ्यांना पाणी भरून देणारा, पोरांना गोळ्या वाटणारा. त्याचे कान इतके तिखट की हादरा त्यालाच आधी कळायचा. तोच पहिली हाक घालायचा, धोंडुबाई म्हातारीला पाठीवर घेऊन मैदानात आणायचा आणि मग म्हणायचा, “तुमी ऱ्हावा हितंच. आत कुणी ऱ्हायलंय का, मी बगून येतो.”

तो आत शिरला की बनुबाई हात जोडून उभी राहायची. “त्या येळंला ह्यो असता तर,” एकदा ती लीलाबाईला म्हणाली होती. लीलाबाई म्हणजे शेजारच्या खोलीतली, अंजनाची काकी. सख्खी नव्हे, मानलेली.

वस्तू नाहीशा व्हायला लागल्या त्याच वर्षी. बारीकसारीक वस्तू. लीलाबाईचा चांदीचा करंडा. कुणाच्या कानातली फुलं. अंजनाची लाल फीत. एकदम नव्हे, एका हादऱ्याला एखादी. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, भांडी पडली त्यात कुठंतरी गेली असेल. मग एका दुपारी हादऱ्यानंतर धोंडुबाईची नथ फळीवरून गेली. म्हातारीनं सगळी खोली झाडून काढली आणि शेवटी उंबऱ्यावर बसून हळू आवाजात म्हणाली, “चोर न्हाई ह्यो. चोरानं माझी पितळंची घागर ठेवली असती व्हय? ही पोरीबाळीची निवड हाय. करंडा, फुलं, फीत. आता नथ. असती तर लगनाची झाली असती गं ती.”

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी बनुबाईच्या कडी नसलेल्या दाराकडं पाहिलं.

त्या दिवसापासून ओळ बदलली. कुणी पोलिसात जायचं नाव काढेना. मेलेल्या पोरीवर फिर्याद कोण करणार? उलट बायका दाराजवळच्या फळीवर बांगड्या ठेवू लागल्या, म्हणजे पोर घरात फिरणार नाही, दारातूनच घेऊन जाईल. पोरं दुपारी ओळीच्या मागच्या बाजूला खेळायची बंद झाली. आणि बनुबाई? ती बरी दिसू लागली. हेच अंजनाला सगळ्यात भयंकर वाटे. आई गुणगुणत भाकरी थापायची आणि ताटं तीन वाढायची. अंजनाला हाक मारताना कधी कधी “शकू” म्हणायची आणि चूक सुधारायची नाही. भर दुपारी ती मध्येच हात थांबवून म्हणायची, “ऐकलंस का? कडी.”

“न्हाई गं आई.”

“नीट ऐक.”

आणि नीट ऐकलं की अंजनालाही ती ऐकू यायची. मग ती दाराच्या भोकाकडं पाठ करून बसायची, कारण त्या भोकातून कुणीतरी डोळा लावलाय असं तिला वाटायचं. डोळा तिच्याच उंचीवर.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी अंजना शाळेतून आली ती तहानेनं व्याकूळ होऊन. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात रांजण होता, अर्धा जमिनीत पुरलेला. ती तांब्या घेऊन वाकली तेवढ्यात डोक्यावरचा पत्रा धडधडला, मांडणीवरची ताटं एकमेकांवर आपटली आणि अर्जुनाची हाक आली, “हाललं रं, हाललं.”

अंजना धावणारच होती. पण रांजणात तिला तिचा चेहरा दिसत होता. यापूर्वी हादऱ्यात कितीदा तरी तिनं त्या पाण्यात पाहिलं होतं. पाण्यावर बारीक वलयं उठायची आणि चेहरा तुकडे तुकडे व्हायचा. या खेपेला वर पत्रा नाचत होता आणि पाणी आरशासारखं गप्प. चेहरा जिथल्या तिथं. जमिनीच्या पोटातली गुरगुरही नव्हती.

तरीही ती धावली. तुम्हीही धावायचंच, मुलांनो. विचार मैदानात उभं राहून करायचा. अंजनानं तो मैदानातच केला. अर्जुना खोल्यांत शिरताना, तीनचार दारांतून सावकाश बाहेर पडताना, तिनं त्याला पाहिलं. तो म्हणाला, “न्हाई कुणी आत. चला.” आणि त्या संध्याकाळी लीलाबाईच्या ठेवणीतले सोन्याचे मणी गेल्याचं कळलं.

अंजनाला वाटलं, आईला सांगावं. ती घरी आली तर आई पेटी उघडून बसलेली. पेटीत शकूच्या तोरड्या होत्या, पायातल्या, चांदीच्या. आजवर कुणाला हात लावू न दिलेल्या. बनुबाई त्या राखेनं घासत होती.

“लोकाच्या वस्तू कशापायी नेतीया ती?” बनुबाई म्हणाली. “आपल्या घावत न्हाईत म्हणून. पुढच्या येळंला ह्या म्होरं ठेवून मी हितंच बसणार. भाईर न्हाई येणार.”

“आई, पत्रा पडंल.”

“पडू दे. एकदा तिला ठेवून भाईर आले. आता न्हाई.”

आता प्रश्न मण्यांचा राहिला नव्हता, तोरड्यांचाही नव्हता. हादरा खरा आला तर आई पत्र्याखाली राहणार. खोटा आला तर त्या अंधाऱ्या खोलीत आई एकटी, आणि जो आत शिरेल तो. आणि आईला खरं सांगावं, तर शकू पुन्हा एकदा मरणार, ते अंजनाच्या तोंडून.

ती जोतिबांकडं गेली. ते दारात बसून सुतळी वळत होते.

“तात्या, रांजणातलं पाणी हाललं न्हाई.”

जोतिबांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. मध्ये एकदाही “तुला काय कळतंय” म्हणाले नाहीत. शेवटी त्यांनी सुतळी खाली ठेवली.

“कुणाकुणाला बोललीस?”

“कुणाला न्हाई.”

“ब्येस केलंस. चोर म्हणून मान्साचं नाव एकदा घेतलं की परत घेता येत न्हाई, खोटं निघालं तरी. आणि खरं निघालं तर त्यो मानूस तुझ्यावर डूख धरंल. तवा तू त्याच्याकडं बगायचं बी न्हाई. हसला तर हसायचं. काय?”

“आणि आई?”

जोतिबांनी मिशीवरून हात फिरवला. “चूक आमचीच हाय, पोरी. पलटणीत पहारा कवाच एकट्याचा नसतोय. दोगं लागत्यात. ह्ये मला ठावं हुतं आणि मी गुडघा चोळत बसलो.”

पुढं काही दिवस काहीच झालं नाही, आणि ते दिवस फार वाईट गेले. अर्जुना पाण्याच्या घागरी घेऊन दारावरून जाताना हसायचा, “काय अंजनाबाई, शाळा काय म्हणतीया?” आणि ती हसायची. ओठ हलायचे तेवढंच. दुपारी आई तोरड्या पाटावर मांडून त्यांच्यासमोर बसायची. आता कडी अंजनाला कान न देताही ऐकू येत होती.

मग बाजाराच्याच एका दिवशी दुपारी पत्रा धडधडला.

अंजनानं आधी रांजणात पाहिलं. पाणी गप्प. “आई, चल.” बनुबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे दारावर. अंजनानं तिचा हात ओढला, हात दगडासारखा. बाहेर अर्जुनाची हाक, पायांची धावपळ. अंजना एकटीच धावली ती थेट मैदानात जोतिबांपाशी.

“तात्या, आई आत हाय. आणि पाणी हाललं न्हाई.”

धोंडुबाईला पाठीवरून उतरवून अर्जुना म्हणाला, “तुमी ऱ्हावा हितंच. मी बगून येतो.”

“थांब गड्या,” जोतिबा म्हणाले. “आजपास्नं दोघांनी जायाचं. मी येतो.”

“आवं तात्या, तुमचा गुडघा. पत्रा पडला तर पळता यील का?”

“तुझ्या पाठीवर बसीन की. धोंडुबाईपेक्षा हलका हाय मी.”

मैदानात दोघंचौघं हसले. अर्जुनाही हसला, पण निघाला मात्र नाही. “काय हाय, दोन मान्सं कशाला मरायची?” तो म्हणाला.

“तेच म्हणतो. एकानंच रोज का मरावं?” जोतिबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. लीलाबाईला काही माहीत नव्हतं, पण तीही म्हणाली, “व्हय, मी बी येते. बनुबाई दिसत न्हाई भाईर.” मग तिघं निघाले.

बनुबाईचं दार अर्जुनानं ढकललं. आत अंधार. मैदानात सगळे उभे होते, वाऱ्याचा आवाजही नव्हता. आणि आतून बनुबाईचा आवाज आला, अगदी हळू, लाडानं विचारावं तसा:

“शकू? आलीस व्हय गं?”

मैदानातल्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. अर्जुना उंबऱ्यातच उभा राहिला. पुढं तो चौकीत म्हणाला की त्या अंधारात बनुबाई एकटी नव्हती, तिच्या शेजारी कुणीतरी लहान बसलं होतं. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. उंबऱ्यातूनच तो मागं फिरला आणि जोतिबांचा हात झटकून माळाच्या दिशेनं पळाला. त्यामुळंच तो सापडला; पळणारा माणूस बघितला की बाजारातून परतणारी माणसं आपसूक आडवी होतात.

त्याच्या खोलीत वरच्या पत्र्याच्या मोकळ्या टोकाला एक दोर बांधलेला होता, आत बसून ओढता येईल असा. शेवटचा पत्रा हलवला की सगळी ओळ खुळखुळायची. पेटीत करंडा निघाला, कानातली फुलं, नथ, मणी. सगळं ज्याचं त्याला मिळालं. फक्त अंजनाची लाल फीत सापडली नाही. जोतिबांनी विचारलं तेव्हा अर्जुना उलट म्हणाला, “फीत? ती कशाला नेऊ मी? फितीचं कोण काय देणार?”

हे बनुबाईच्या कानावर गेलं. संध्याकाळी अंजना चुलीपाशी बसली होती आणि बाहेर सगळी ओळ एकमेकांना तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगत होती. अंजनाला जे बोलायचं होतं ते तिनं किती दिवस पोटात ठेवलं होतं. तिनं ते आता सांगितलं. “आई, शकू न्हाई येत. त्यो अर्जुना हुता. दरवेळी त्योच.”

बनुबाई रागावली नाही, रडलीही नाही. तोरड्या पेटीत ठेवता ठेवता ती थांबली.

“मग फीत कुणी न्हेली?”

तुमच्याकडं आहे का याचं उत्तर? माझ्याकडं नाही.

“अर्जुनाचं अर्जुनानं केलं,” बनुबाई म्हणाली. “म्या त्याची वाट बगत नव्हते. पुढच्या येळंला बी मी हितंच बसणार.”

बाहेर मैदानात लोक बोलत होते. यापुढं आत बघायला कोण जाणार यावर कुणीच काही बोलेना. एकावर टाकलेला भरवसा असा फळाला आल्यावर दुसऱ्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती. “आपापलं आपण बगावं आता,” कुणीतरी म्हणालं. “दाराला कुलपं लावावी आणि गप बसावं.” अंजनानं ते ऐकलं. तिनं आईकडं पाहिलं. आई पुन्हा भिंतीला टेकली होती, डोळे दारावर.

पोर उठली. चुलीतलं लाकूड मागं ओढून जाळ कमी केला आणि ती शेजारी लीलाबाईच्या खोलीत शिरली. लीलाबाई भाकरी भाजत होती; मागं झोळीत तिचं तान्हं होतं.

“काकी, आई आपणहून भाईर येणार न्हाई. कवाच न्हाई.”

“आगं, समजूत काढू तिची. दोन दिवस जाऊ देत.”

“समजूत न्हाई काढायची. वडायची. मी एकटी वडली तर हालत न्हाई ती. हाललं की तुमी आदी आमच्या दारात यायचं, येक हात तुमी धरायचा, येक मी. तुमचं बारकं मी काखंत घेईन.”

लीलाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. “बरं बया, हाललं की यीन.”

“हाललं की न्हाई. तवा जमायचं न्हाई. आत्ताच करून बगू.”

“आत्ता? भाकरी हाय तव्यावर.”

अंजनानं तवा चुलीवरून खाली उतरवला, झोळीतलं लीलाबाईचं झोपलेलं पोर उचलून काखेत घेतलं, मोकळ्या हातानं लीलाबाईचं मनगट धरलं आणि ती तिला आपल्या दाराकडं ओढत घेऊन निघाली.